फ्रीओरायनसाठी एडिटर बनवून राहिलो आहोत: उघडलेली फाइल जशीच्या तशी परत गेली पाहिजे

बर्डीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

फ्रीओरायन इथल्या बऱ्याच जणांनी खेळून पाहिला असेल. १९९३ च्या मास्टर ऑफ ओरायनवरून स्फूर्ती घेऊन स्वयंसेवकांनी उभा केलेला, फेरीफेरीने चालणारा अंतराळ-साम्राज्यांचा खेळ. इंजिन सी प्लस प्लसमध्ये, संगणकाकडून खेळणाऱ्या साम्राज्यांची बुद्धी (एआय) पायथनमध्ये. कोड जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली खुला. म्हणजे आपल्यापैकी कुणालाही त्यात हात घालता येतो, आणि नागपुरातले आम्ही काही जण रविवारी एकत्र बसून तेच करून राहिलो आहोत.

या खेळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की त्याचा आशय इंजिनात कोंडलेला नाही. तंत्रज्ञानं, इमारती, प्रजाती, जहाजांचे सांगाडे नि सुटे भाग, धोरणं, ग्रहांची खास वैशिष्ट्यं हे सगळं 'स्क्रिप्टिंग' नावाच्या फोल्डरात साध्या मजकुराच्या फायलींमध्ये पडलेलं आहे. त्यासाठी एक छोटी भाषा आहे, तिला फॉक्स म्हणतात. एका तंत्रज्ञानाच्या फायलीत त्याचं नाव, वर्णनाची किल्ली (ज्या नावाने मजकूर शोधला जातो ते), प्रवर्ग, संशोधनाचा खर्च, किमान किती फेऱ्या लागतील, आधी कोणती तंत्रज्ञानं हातात हवीत, त्यातून पुढे काय खुलं होतं आणि खेळावर परिणाम काय, एवढं असतं. परिणामांचा भाग सर्वांत गुंतागुंतीचा: कुणावर लागू, कोणत्या अटीवर चालू, आणि नेमकं काय बदलणार.

आता अडचण सांगतो. आमच्या गटात खेळाची सर्वांत चांगली जाण असलेले दोघे प्रोग्रामर नाहीत. कोणतं शस्त्र कोणत्या टप्प्यावर फार स्वस्त पडतं, कोणती प्रजाती सुरुवातीला गुदमरते, हे त्यांना तोंडपाठ आहे. पण फाइल उघडली, कंसात कंस दिसले, की ते लॅपटॉप माझ्याकडे सरकवतात. त्यांच्यासाठी एडिटर हवा. डावीकडे यादी, मध्ये फॉर्म, उजवीकडे तंत्रज्ञानाचं झाड.

त्याच्या रचनेबद्दल माझा एकच हट्ट आहे आणि त्यावरच हा धागा काढला. एडिटरने फाइल उघडली, कुणी काहीच बदललं नाही आणि जतन केली, तर एक बाइटही बदलता कामा नये. एक आकडा बदलला, तर तेवढाच आकडा बदलावा. कमेंट, मोकळ्या जागा, ओळींचा क्रम, सगळं जागच्या जागी. शिंप्याकडे पँट फक्त खालून आखूड करायला दिली आणि त्याने सगळी उसवून नव्याने शिवून दिली, तर आपण ती घेऊ का?

त्या फायलींमध्ये लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या कमेंट आहेत. हा खर्च असा का ठेवला, ही अट का घातली, हे त्यांत आहे. आपलं टूल ते पुसून टाकत असेल, तर ते नसलेलं बरं.

मतं सांगा. खास करून ज्यांनी अशी टूलं आधी लिहिली आहेत त्यांनी.

---

तर्रीपोहे

भाऊ, कल्पना मस्त आहे, पण एक विचारतो. काऊन एवढी मेहनत? व्हीएस कोडमध्ये फाइल उघडा, रंगीत अक्षरं दाखवणारं एक्स्टेन्शन टाका, शोधा-बदला करा. होते ना काम. मी तर नोटपॅडमध्ये एका लेझरचा खर्च बदलून खेळून राहिलो, काही बिघडले नाही.

---

बर्डीकर

आकडा बदलायला नोटपॅड पुरतं, मान्य. आता एका तंत्रज्ञानाचं नाव बदलून बघ. ते नाव त्याच्या स्वतःच्या फायलीत असतं, ते आधी हवं असणाऱ्या दुसऱ्या तंत्रज्ञानांच्या फायलींत असतं, कधी एखाद्या अटीत किंवा परिणामात असतं. पडद्यावर दिसणाऱ्या इंग्रजी मजकुराच्या फायलीत, म्हणजे स्ट्रिंगटेबलात, त्याच्या नावाची आणि वर्णनाची किल्ली असते. आणि बहुतेक जण विसरतात ते शेवटचं ठिकाण म्हणजे एआयच्या पायथन फायली. संगणकाने कोणतं संशोधन कोणत्या क्रमाने करायचं याची यादी तिथे नावानिशी लिहिलेली आहे. ती राहिली, की तुझा खेळ चालू होतो, तुला सगळं ठीक दिसतं आणि एआय मात्र त्या तंत्रज्ञानापाशी अडखळतो. असला दोष खेळताना ओळखायला फार वेळ जातो.

एडिटरने ही सगळी ठिकाणं एकत्र दाखवावीत एवढंच मागणं आहे. 'हे नाव कुठे कुठे आहे' हे एक बटण जरी नीट चाललं, तरी अर्धं काम झालं.

दुसरं, चक्र. 'अ' साठी 'ब' लागतो, 'ब' साठी 'क', आणि कुणीतरी नकळत 'क' साठी 'अ' लिहिलं. तिन्ही तंत्रज्ञानं कधीच मिळणार नाहीत. डोळ्यांनी हे पकडणं कठीण, पण यंत्राला सोपं. ज्यांना काहीच आधी लागत नाही ती बाजूला काढा, मग त्यांच्यावर अवलंबून असलेली मोकळी होतात ती काढा, असं करत जा. शेवटी जी उरली ती चक्रात अडकलेली किंवा त्या चक्रामागे अडलेली. आर्थर कान यांनी ही रीत १९६२ साली मांडली, आजही पुरते.

---

डिफवाचक

मी पुण्यात असतो, दुसऱ्या एका मुक्तस्रोत प्रकल्पात लोकांच्या पुल रिक्वेस्ट (आत घेण्यासाठी पाठवलेले बदल) तपासतो. धागाकर्त्याच्या हट्टाला माझा पूर्ण पाठिंबा, आणि कारण तपासणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

नवीन माणूस बदल पाठवतो. वर्णनात लिहिलेलं असतं, 'खर्च थोडा कमी केला.' डिफ (जुन्या-नव्या फायलीतला फरक) उघडला तर अख्खी फाइल लाल-हिरवी. त्याच्या टूलने टॅबच्या जागी स्पेस टाकल्या, याद्या वर्णक्रमाने लावल्या, ओळी मोडल्या. खरा बदल त्यात कुठेतरी आहे. स्वयंसेवक रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास काढतो, तो हे वाचत बसणार नाही. तो नम्रपणे 'कृपया फक्त आवश्यक बदल पाठवा' लिहितो आणि तो नवीन माणूस परत येत नाही. माझ्या पाहण्यात चांगली माणसं अशीच गेली आहेत.

एक ओळ बदललेला डिफ मात्र मिनिटात वाचून होतो. आत घ्यायचा की नाही यावर मग खेळाच्या अंगाने बोलता येतं, आणि बोलणं त्यावरच व्हायला हवं.

---

जावाजोशी

मला एक वेगळा रस्ता सुचतो. सगळ्या फायली एकदा वाचून जेसनमध्ये किंवा एसक्यूलाइटमध्ये (माहिती ठरावीक ढाच्यात ठेवायचे प्रकार) घ्यायच्या. एडिटर त्यावर काम करेल, शेवटी परत फॉक्समध्ये लिहून द्यायचं. डेटा एकदा नीट ढाच्यात बसला की फॉर्म, शोध, आलेख सगळं सोपं होतं. शिवाय खेळाच्या इंजिनात वस्तूचं वर्णन परत मजकुरात काढून देणारं 'डम्प' फंक्शन आहेच, आणि मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा पार्सरही. वाचायला त्यांचा पार्सर, लिहायला त्यांचा डम्प. आपण फक्त मधला भाग करायचा.

---

बर्डीकर

जोशीभाऊ, या रस्त्याचा आम्हीही विचार केला होता, म्हणून नीट उत्तर देतो.

>> वाचायला त्यांचा पार्सर, लिहायला त्यांचा डम्प

इंजिनाचा पार्सर बूस्ट स्पिरिट या सी प्लस प्लस लायब्ररीवर बांधलेला आहे. त्याचं काम खेळासाठी वस्तू तयार करणं. कमेंट त्याच्या दृष्टीने केर आहे, तो टाकून देतो, आणि खेळापुरतं ते बरोबरच आहे. त्याहून मोठी गोष्ट मॅक्रोची. फॉक्समध्ये दुहेरी चौकटी कंसात मॅक्रोचं नाव लिहितात आणि पार्सिंगच्या आधीच त्या जागी दुसरीकडचा मजकूर घातला जातो. म्हणजे वस्तू तयार होते तेव्हा तिथे मॅक्रो होता याची खूणही उरत नाही. डम्प केला, की मॅक्रो उलगडलेला, लांबलचक मजकूर बाहेर येतो. उद्या मूळ मॅक्रो कुणी सुधारला, तर आपण लिहिलेल्या फायलीपर्यंत ती सुधारणा पोहोचणार नाही.

संशोधनाचा खर्च हेच उदाहरण घ्या. बहुतेक ठिकाणी तो नुसता आकडा नसतो, 'अमुक गुणिले खर्चाचा मॅक्रो' असा असतो. आपल्या ढाच्यात खर्चाला आकड्याची चौकट दिली आणि गुणाकार करून आलेलं उत्तर तिथे ठेवलं, तर जतन करताच सूत्र मेलं. खेळाडूने नियमांमधून संशोधन महाग केलं, तरी आपलं तंत्रज्ञान स्वस्तच राहणार.

म्हणून फॉर्ममधल्या चौकटीत आम्ही सूत्रच दाखवतो. त्यातला आकडा बदलता येतो. मॅक्रोचा भाग करड्या रंगात, त्यावर टिचकी मारली की मूळ फाइल उघडते.

जेसनला माझा विरोध नाही. शोधासाठी, आलेखासाठी आतमध्ये खुशाल ठेवू. पण सत्य काय ते मूळ फायलीत, आणि परत लिहिताना तिथूनच.

---

जावाजोशी

मॅक्रोचा मुद्दा पटला. मग लिहिणार कसं? प्रत्येक गोष्टीची फायलीतली जागा लक्षात ठेवावी लागेल.

---

बर्डीकर

तेच करून राहिलो. ट्री-सिटर नावाचं पार्सर बनवणारं टूल वापरतोय. आपण व्याकरण लिहून द्यायचं, तो त्यापासून सीमधला पार्सर तयार करतो आणि फायलीच्या रचनेचं झाड उभं करून त्यातल्या प्रत्येक गाठीची सुरुवात नि शेवट बाइटमध्ये सांगतो. फॉर्ममधली चौकट म्हणजे फायलीतल्या एका पट्ट्याकडे बघणारी खिडकी. वापरणाऱ्याने काही बदललं, की 'या बाइटपासून त्या बाइटपर्यंतचा मजकूर काढा, हा घाला' एवढी एकच नोंद होते. अनडू त्याच नोंदीचा उलटा. टूलला जे समजलं नाही त्याला हातच लागत नाही, कारण त्या जागेची नोंदच होणार नाही.

आणखी एक फायदा: फाइल अर्धवट किंवा चुकलेली असली तरी ट्री-सिटर हार मानत नाही. बिघडलेला तुकडा खूण करून बाजूला ठेवतो आणि बाकीचं झाड देतो. नवशिक्यासाठी हे फार महत्त्वाचं. एक कंस राहिला म्हणून अख्खा फॉर्म गायब झाला, तर त्याचा धीर सुटतो.

लिहिलेलं बरोबर आहे का हे तपासायला मात्र शेवटी खेळाचाच पार्सर. त्याचा निकाल अंतिम.

---

डिफवाचक

पायथनचं काय करणार आहात? फ्रीओरायनमध्ये जुन्या फॉक्सच्या फायली हळूहळू पायथनच्या लेखणीत नेणं चालू आहे. एकाच फोल्डरात दोन्ही प्रकारच्या फायली सापडतात. आज नुसत्या जुन्या भाषेचं व्याकरण लिहिलं, तर पुढे ते काम वाया जाईल.

आणि कृपा करून पायथनच्या आतल्या एएसटी या कोडचं झाड बांधणाऱ्या मॉड्यूलने वाचून परत लिहू नका. ते कमेंट ठेवत नाही. लिबसीएसटी ही लायब्ररी पाहा, इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी केलेली आहे. ती मोकळ्या जागा आणि कमेंटसकट झाड बांधते, आणि न बदललेलं झाड परत लिहिलं की तोच मजकूर मिळतो.

---

तर्रीपोहे

पायथनच आहे तर मग फाइल सरळ चालवून का नाही पाहायची? इम्पोर्ट केली की सगळी माहिती हातात. पार्सरची भानगडच नाही.

---

डिफवाचक

नको, भाऊ. उद्या तू कुणाचा तरी मॉड (खेळात केलेले बदल) उतरवशील आणि आत काय आहे ते बघायला एडिटरमध्ये उघडशील. चालवलास, तर त्यात लिहिलेलं काहीही तुझ्या यंत्रावर, तुझ्या हक्कांनिशी चालेल. फाइल पुसणारी ओळही चालेल. नुसतं बघण्यासाठी उघडलेल्या फायलीतून असं होता कामा नये. वाचायची, चालवायची नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून असू द्या, नंतर घालणं अवघड जातं.

---

तर्रीपोहे

हाव, हे मनात आलेच नव्हते. बरोबर आहे. पायथनच्या फायलींचे काम मी घेतो मग, लिबसीएसटी शिकायचीच होती मले.

---

आकाशमित्र

बर्डीकर, तुमचा धागा रोज वाचतो आहे. मी निवृत्त आहे, प्रोग्रामिंग येत नाही. गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात तारांगण पाहायला येणाऱ्या मुलांशी बोलत असतो. मला एक विचारायचं आहे. हा खेळ मराठीत करता येईल का? आणि त्यासाठी तुमचं हे टूल उपयोगी पडेल का?

ताऱ्यांची नावं मी देऊ शकतो. व्याध, अगस्ती, अभिजित, स्वाती, चित्रा, रोहिणी, ज्येष्ठा, मघा, श्रवण, ध्रुव. पंचांगातून ती आपल्या घरात कायम आलेली आहेत. मुलांना रोहिणी म्हणजे लालसर रंगाचा, आकाशात दाखवता येणारा एक खरा तारा आहे, हे सांगितलं की त्यांचे चेहरे बदलतात. खेळाच्या नकाशावर त्यांना ही नावं दिसावीत असं फार वाटतं.

---

बर्डीकर

काका, तुमच्या प्रश्नाने कामाची दिशाच वाढली. हो, करता येईल.

खेळात दिसणारा सगळा मजकूर स्ट्रिंगटेबल नावाच्या फायलींत आहे. प्रत्येक भाषेची एक फाइल. एका ओळीवर किल्ली, खाली तिचा मजकूर. ताऱ्यांच्या नावांची यादीसुद्धा तिथेच, एका किल्लीखाली लांबलचक. मराठीची फाइल अर्धी भरलेली असली तरी हरकत नाही, जी किल्ली सापडत नाही तिथे इंग्रजी मजकूर येतो. त्यामुळे सुरुवात ताऱ्यांपासून करायला काहीच अडचण नाही.

एडिटरमध्ये डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, असे दोन स्तंभ ठेवू. मजकुरात मध्येमध्ये दुहेरी कंसातले संदर्भ आणि दुवे असतात, ते मराठी वाक्यातही जसेच्या तसे हवेत. ते राहिले किंवा मोडले की टूल लगेच सांगेल. तुम्ही फक्त भाषा पाहायची.

तुमची यादी कागदावर असली तरी चालेल, आम्ही टाइप करू.

---

अक्षरवेल

मध्येच बोलते, माफ करा. मी देवनागरी फॉन्टवर काम करते. भाषांतराला हात घालण्याआधी एक चाचणी घ्या, नाहीतर काकांची मेहनत पडद्यावर मोडलेली दिसेल.

देवनागरी नुसती अक्षरं ओळीने मांडून दिसत नाही. 'किरण'मधली वेलांटी साठवताना 'क'च्या नंतर असते, दिसताना आधी. 'क्षितिज', 'शक्ती', 'दुसऱ्या' यांत जोडाक्षरं घडवावी लागतात. हे घडवण्याचं काम हार्फबझसारखी लायब्ररी करते. फ्रीटाइप फक्त आकृत्या काढून देते, जुळवणी करत नाही. एखादा खेळ फ्रीटाइपकडून एकेका संकेताची आकृती घेऊन शेजारी ठेवत गेला, तर वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली सुटी अक्षरं दिसतात.

आता खरा धोका ऐका. तुमचा एडिटर क्यूटीमध्ये (खिडक्या नि बटणं काढणाऱ्या लायब्ररीत) आहे असं मी गृहीत धरते. क्यूटी आतून हार्फबझ वापरते. म्हणजे एडिटरमध्ये मराठी सुंदर दिसेल, सगळे खूश होतील, आणि तेच वाक्य खेळात मोडलेलं असेल. एडिटरमधलं दिसणं पुरावा धरू नका. ही चार वाक्यं स्ट्रिंगटेबलात टाकून खेळ चालवा आणि पडद्याचं चित्र इथे लावा:

किरणांची शक्ती
दुसऱ्या ग्रहाच्या दऱ्या
क्षितिजावरचं श्वेत वर्तुळ
सूर्याभोवतीच्या कक्षा

फॉन्ट म्हणून नोटो सान्स देवनागरी घ्या, त्यात जोडाक्षरं भरपूर आहेत. आणि जिथे भाषा सांगायची सोय असेल तिथे मराठी सांगा, हिंदी नको. मराठी 'ल' आणि 'श' वेगळ्या वळणाचे असतात. ते वळण फॉन्टमध्ये असेल, तरी भाषा सांगितल्याशिवाय मिळत नाही.

---

बर्डीकर

अक्षरवेलताई, हो, क्यूटीच. पायसाइड, म्हणजे पायथनमधून क्यूटी वापरायची सोय, वापरतोय.

ठरलं: तुमची चार वाक्यं आमची पहिली चाचणी. खेळात मोडली, तर भाषांतराच्या आधी ते इंजिनात सुधारायला मदत करावी लागेल. ते काम आमच्या टूलबाहेरचं आहे, पण मराठीबरोबर हिंदी, बंगाली, तमिळ सगळ्यांना लागणारं आहे, त्यामुळे वेळ गेला तरी सार्थकी लागेल. एडिटरच्या मराठी स्तंभावर 'खेळात तपासलेलं नाही' अशी खूण ठेवू. खेळातून पाहिल्यावर ती हाताने काढायची.

---

महालची_बाई

मी महालात एका शाळेत शिकवते. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन असं काही करावं असं खूप दिवसांपासून मनात आहे. त्यांना प्रजाती बनवायला फार आवडेल: कोणत्या ग्रहावर राहू शकते, काय आवडतं, काय नाही.

माझ्या अडचणी साध्या आहेत. शाळेतले संगणक जुने, इंटरनेट कधी असतं कधी नसतं. आणि उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत इन्व्हर्टरही फक्त पंख्यांपुरता. मुलाने तासभर काम केलं आणि जतन करताना वीज गेली, तर? मागे एका दुसऱ्या प्रोग्रामात असं झालं, फाइल शून्य आकाराची होऊन बसली. तो मुलगा रडला होता.

---

बर्डीकर

बाई, हा प्रश्न तुम्ही विचारलात फार बरं झालं. हे टूलने सांभाळायलाच हवं.

फाइल शून्य होते, कारण प्रोग्राम आधी जुनी फाइल रिकामी करतो आणि मग नवीन मजकूर भरतो. त्या मधल्या क्षणी वीज गेली, की जुनंही गेलं आणि नवंही नाही. आपण असं करणार नाही. नवीन मजकूर त्याच फोल्डरात वेगळ्या तात्पुरत्या नावाने लिहायचा, तो खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबायचं, आणि मग एका झटक्यात नाव बदलून जुन्याच्या जागी ठेवायचा. पायथनमध्ये त्यासाठी ओएस-रिप्लेस आहे, विंडोजवरही चालतं. फोल्डर तोच हवा, दुसऱ्या ड्राइव्हवर तात्पुरती फाइल ठेवली तर नाव बदलणं एका झटक्यात होत नाही. मग वीज कोणत्याही क्षणी जाऊ दे, एक तर जुनी फाइल पूर्ण असेल, नाहीतर नवीन.

शिवाय न जतन केलेल्या बदलांची नोंदवही वेगळी लिहीत राहू. बदल म्हणजे छोट्या नोंदीच असल्यामुळे प्रत्येक बदलाला एक ओळ, जुन्या संगणकालाही जड नाही. पुन्हा उघडल्यावर टूल विचारेल, 'मागचं काम परत आणू का?'

इंटरनेट लागणार नाही. पेन ड्राइव्हवरून फोल्डर उतरवा आणि चालवा.

---

जावाजोशी

परत येतो. तुमची कालची आवृत्ती विंडोजवर चालवली. 'उघड, काही न बदलता जतन कर' ही चाचणी अख्ख्या स्क्रिप्टिंग फोल्डरवर लावली. प्रत्येक फाइल बदललेली निघाली. डिफमध्ये डोळ्यांना फरक काहीच नाही, पण सगळ्या ओळी लाल-हिरव्या. माझ्याकडे गिट (बदलांची नोंद ठेवणारं टूल) ओळींचे शेवट बदलत नाही अशी सेटिंग आहे.

दुसरं, मराठी स्ट्रिंगटेबलात पहिल्या काही नोंदी नीट बदलल्या. पण वरच्या भागात मराठी मजकूर असेल, तर खालच्या नोंदी बदलताना भलत्याच ठिकाणी मजकूर घुसतो. जितकी खालची नोंद, तितकी जास्त चूक.

---

डिफवाचक

दोन्हींचं मूळ एकच वाटतं. कुठेतरी फाइल मजकूर म्हणून उघडली जाते आहे.

पायथन मजकूर म्हणून फाइल वाचताना ओळींचे सगळे प्रकारचे शेवट एकाच चिन्हात बदलतं. विंडोजवर लिहिताना त्याचं पुन्हा दोन चिन्हांचं जोडपं करतं. मूळ फाइल लिनक्सच्या पद्धतीची होती, म्हणून प्रत्येक ओळीत एक बाइट वाढला.

दुसरा दोषही तिथलाच. ट्री-सिटर जागा बाइटमध्ये सांगतो. पायथनच्या मजकुरात आपण अक्षरसंकेत मोजतो. इंग्रजीत दोन्ही सारखेच, म्हणून इतके दिवस लक्षात आलं नाही. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटचा. वर जितकं मराठी, तितकी खाली घसरण. फाइल शेवटपर्यंत बाइट म्हणूनच धरा. पडद्यावर दाखवताना तेवढा पट्टा उलगडा, परत ठेवताना बाइट करा.

---

बर्डीकर

जोशीभाऊ, तुमच्या चाचणीशिवाय हे सापडलं नसतं, मनापासून आभार. आमच्या सगळ्यांकडे लिनक्स आहे आणि आम्ही इंग्रजी फायलींवरच तपासत होतो.

बदललं. फाइल बाइट म्हणूनच वाचतो आणि बाइट म्हणूनच लिहितो. तुमची ही चाचणी आता प्रत्येक बदलानंतर लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे आपोआप चालते, खेळाच्या ताज्या फायलींवर. तीत मुद्दाम आणखी तीन फायली घातल्या: एक मिश्र शेवटांच्या ओळींची, एक शेवटच्या ओळीनंतर काहीच नसलेली, आणि एक नुसत्या मराठीची. नवीन आवृत्ती ठेवली आहे, पाहता का?

---

जावाजोशी

पाहिली. जुन्या फॉक्सच्या फायली: फरक शून्य. स्ट्रिंगटेबल: शून्य, आणि खालच्या नोंदीही जागेवर. पायथनच्या फायलींचं काम अजून जोडलेलं नाही, त्यामुळे त्या फक्त वाचता येतात, तेही बरोबरच आहे. उद्यापासून झाडाच्या मांडणीत हात घालतो. ग्राफविझ या आलेख काढणाऱ्या टूलच्या डॉटने थर लावून पाहू, आधीचं डावीकडे, नंतरचं उजवीकडे.

---

महालची_बाई

मुलांना काल वर्गात नुसतं तोंडी सांगितलं, तर प्रश्नांचा पाऊस. एकीने विचारलं, ग्रहांचे प्रकार एका रांगेत का, गोल का नाहीत? तिने वहीत गोल काढून दाखवला: कोणत्या ग्रहावर चांगलं, कोणत्यावर कठीण, ते रंगाने भरायचं. हे फॉर्ममध्ये घेता येईल का?

---

बर्डीकर

बाई, तिला सांगा, खेळातही ते गोलच आहे. दलदल, विषारी, ज्वालामय, किरणोत्सारी, ओसाड, टुंड्रा, वाळवंट, पृथ्वीसारखा, महासागर आणि पुन्हा दलदल. शेजारचे प्रकार एकमेकांना जवळचे. लघुग्रह आणि वायूचे महाग्रह त्या चाकाबाहेर. प्रजातीच्या फायलीत प्रत्येक प्रकारापुढे चांगलं, पुरेसं, निकृष्ट, प्रतिकूल किंवा राहण्यायोग्य नाही, असं लिहिलेलं असतं. चाक काढायचं, पाकळीवर टिचकी मारली की रंग बदलेल आणि फायलीत तेवढा एकच शब्द.

एक अट घालावी लागेल. एखाद्या प्रजातीने ही यादी मॅक्रोमधून घेतली असेल, तर चाक फक्त पाहायला मिळेल, बदलता येणार नाही, कारण तो मॅक्रो दुसऱ्या प्रजातीही वापरत असू शकतात. तिथे 'या प्रजातीपुरती स्वतंत्र यादी करा' असं बटण ठेवू. ते दाबलं तरच यादी फायलीत उतरेल.

तिच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवा. रंग तिनेच निवडलेले घेऊ. प्रजातींच्या फॉर्मचं काम अजून कुणी घेतलेलं नाही, त्याची सुरुवात या चाकापासून मी करतो.